कारणाचा रकाना

चोपड्याच्या मंगल कार्यालयात, खांबामागे उकिडवी बसून
माझी चैताली माणसं मोजत होती.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
ट्रकमध्ये केळीचे घड चढताना मी मोजतो, तशीच.
आठवीचं विज्ञान प्रदर्शन. प्रश्न साधा :
बट्टी मोडायच्या आधी
कोण साबण लावतं, कोण नुसती बोटं ओली करतं,
आणि कोण सरळ पंगतीत बसतं.

पुरुष दोनशे आठ. साबण : चौतीस.
बायका एकशे नव्वद. साबण : एकशे एकवीस.
पुरुषांचा ओल्या बोटांचा रकाना इतका भरला
की तिला समासात उतरावं लागलं.
सुपडू अण्णांनी तर नळाकडे नुसतं पाहिलं,
हात धोतराला पुसले,
आणि तीन पंगतींना आग्रह करकरून जिलेबी वाढली.

रात्री तिनं वही माझ्यापुढे ठेवली.
‘शेवटचा रकाना कारणाचा, पप्पा. सर म्हणाले, घरी विचारा.’

मी म्हटलं, बायकांच्या बेसिनवर आरसा होता.
आरशासाठी थांबल्या, साबण सापडला.
ती हसली नाही.
मग सांगितलं : वखारीत दिवसभर केळीचा चीक बसतो,
काळा, रॉकेलनंही न निघणारा.
धुऊन हात काळाच दिसतो,
मग माणूस धुणंच सोडतो.
तिनं लिहिलं. पेन थांबवलं.
‘घड पुसणाऱ्या बायकांच्या हातालाही चीक असतो ना?’
असतो, म्हटलं.

तिची आई भांड्यांवरून, पाठमोरीच बोलली :
‘ह्याच हातानं कणीक, ह्याच हातानं बाळ्याचं ढुंगण,
ह्याच हातानं म्हशीचे सड.
माझा हात घरातल्या पाच तोंडांत जातो.
तुमचा तुमच्याच.’
चैतालीनं तेही लिहिलं, एक शब्द गाळून.

वखारीत एक पोरगा आहे, हिरामण.
जेवणाआधी कोपरापर्यंत हात घासतो.
‘काय बाई, मेंदी काढतेस का?’ असं आम्हीच म्हणतो त्याला.
हल्ली तो टाकीमागे जाऊन धुतो.
हे सांगताना माझा आवाज जरा खाली गेला.

आणि एक सांगितलंच नाही.
मी नि कोकिळाताई एकाच मातीत खेळून यायचो.
आई दारातच अडवायची तिला :
‘हात धुई ले वं आंडेर, मंग बठ जेवाले.’
आणि माझ्याकडे बघून :
‘त्याले जेवू दे, थकी उना तो.’
ऊन दोघांवर सारखंच पडलेलं.
पुढे महिन्यातले चार दिवस
ताईचा तांब्या मागच्या दाराशी, वेगळा.
आजही ती नळ बंद करण्याआधी नळाचं तोंड धुते.
तिला स्वच्छता शिकवली
की स्वतःची घाण, मला नीट सांगता येत नाही.
आठवीच्या वहीत ते मावेल का, तेही नाही.

वही मिटताना दिसलं :
न धुणाऱ्यांच्या रकान्यात एका रेघेभोवती बारीकसा गोल.
‘हा कोण?’
‘तुम्ही. शेवटची पंगत.’
‘अगं, मी साबण लावला होता की!’
‘तो दुपारी, मी समोर उभी होते तेव्हा.
ती रेघ चौतीसात आहे.
नंतर मी खांबामागे गेले.’
तिच्या आवाजात राग नव्हता.
हिशेब जुळत नसला की मी ट्रकवाल्याला सांगतो, तसं
फक्त सांगत होती.

सगळी झोपल्यावर मोरीत गेलो.
नळ फुसफुसला, पाणी नव्हतं.
कोपऱ्यात झाकलेली कळशी,
सकाळच्या चहापुरती, बायकोनं राखलेली.
साबणाची वडी हातात घेऊन
तसाच उभा राहिलो थोडा वेळ, कोरडा,
मग ती होती तिथे ठेवली.